उकिरातून घडलेली जमीन

जमिनीत बीळ करणारा प्राणी एकाच वेळी दोन कामे करतो. खालची माती तो वर आणून टाकतो आणि खालच्या थरात पोकळी ठेवतो. वर आलेला उकीर पावसाने आणि वाऱ्याने पसरतो. पोकळी काही काळाने ढासळते आणि तिच्यावरची माती तेवढीच खाली बसते. एका बिळापुरता हा फरक नगण्य असतो. पण एका शेतात लाखो गांडुळे असतात, एका टेकडीवर शेकडो वारुळे असतात आणि त्यांचे काम वर्षाचे बारा महिने, हजारो वर्षे चालू राहते. या बेरजेतून मातीचे थर, टेकड्यांचे उतार, माळरानावरचे उंचवटे आणि खाडीकाठचा चिखल घडत जातो. नदी, वारा, हिम आणि ज्वालामुखी यांच्या जोडीला उकरणारे प्राणी हीही भूरूपे घडवणारी एक शक्ती आहे.

सजीवांच्या हालचालींमुळे माती किंवा गाळ खालीवर होण्याच्या प्रक्रियेला शास्त्रज्ञ ‘बायोटर्बेशन’ म्हणतात. प्राणी भूरूपे कशी बदलतात याचा अभ्यास करणारी भूगोलाची एक शाखाही आहे. अमेरिकन भूगोलतज्ज्ञ डेव्हिड बटलर यांनी १९९५ साली या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि तेव्हापासून ही शाखा ठळकपणे ओळखली जाऊ लागली.

सुरुवात समुद्रतळावर

खोदण्याचा इतिहास जमिनीवर नव्हे, समुद्राच्या तळाशी सुरू झाला. सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत उथळ समुद्राचा तळ सूक्ष्मजीवांच्या चिवट थराने झाकलेला असे. त्या काळचे प्राणी या थरावर किंवा त्याच्या लगेच खाली सरपटत. खोल जात नसत. पुढे कृमींसारखे प्राणी गाळात उभे-आडवे मार्ग काढू लागले. कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावर फॉर्च्युन हेड येथील खडकात अशा प्राण्याच्या वाटेचे ठसे आहेत. ‘ट्रेप्टिक्नस पेडम’ नावाचे हे ठसे खडकात जिथे प्रथम दिसतात, तिथून कँब्रियन कालखंडाची सुरुवात मानली जाते.

गाळ ढवळला जाऊ लागल्यावर ऑक्सिजनयुक्त पाणी त्यात खोलवर शिरले. पुरलेले सेंद्रिय द्रव्य पुन्हा वापरात आले. सूक्ष्मजीवांच्या सलग थरावर जगणाऱ्या प्राण्यांचा आधार गेला आणि मऊ, ढवळलेल्या गाळात राहणाऱ्यांना नवे घर मिळाले. समुद्रतळाच्या जीवसृष्टीचे स्वरूपच या बदलाने पालटले. पुढे सजीवांनी किनारा ओलांडला तसे हे खोदकामही जमिनीवर आले.

गांडुळांचा हिशेब

जमिनीवरच्या खोदकामाचा पहिला पद्धतशीर हिशेब चार्ल्स डार्विन यांनी मांडला. बीगल जहाजावरच्या प्रवासातून परतल्यावर ते इंग्लंडमध्ये मेअर येथे मामा जोसाया वेजवुड यांच्याकडे गेले होते. शेतात काही वर्षांपूर्वी पसरलेला चुना आणि कोळशाची राख आता पृष्ठभागाच्या काही इंच खाली सापडते, हे मामांनी त्यांना दाखवले. गांडुळे विष्ठेच्या रूपाने वर टाकतात त्या मातीखाली हे थर गाडले गेले असावेत, असा मामांचा तर्क होता. डार्विन यांनी १८३७ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे यावर निबंध वाचला आणि पुढची चार दशके या प्रश्नाचा पिच्छा सोडला नाही.

डाउन येथील आपल्या घराजवळच्या शेतात त्यांनी १८४२ मध्ये खडूचे तुकडे पसरले. २९ वर्षांनी, १८७१ मध्ये, तिथे चर खणून पाहिला, तेव्हा तो पांढरा थर सात इंच खाली गेलेला होता. म्हणजे वर्षाला सरासरी सुमारे सहा मिलिमीटर नवी माती त्यावर चढली होती. १८७७ मध्ये त्यांनी स्टोनहेंजला जाऊन पडलेल्या शिळा जमिनीत किती रुतल्या आहेत तेही तपासले. १८८१ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, गांडुळांवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक कोरडी माती गांडुळांच्या शरीरातून जाऊन वर येते, असा अंदाज त्यांनी त्यात दिला. एवढे दुबळे जीव इतके मोठे काम करू शकणार नाहीत, असा आक्षेप १८६९ मध्येच एका टीकाकाराने घेतला होता. सतत होत राहणाऱ्या लहान परिणामांची बेरीज माणसाच्या मनात सहज बसत नाही, हे त्या आक्षेपाचे मूळ डार्विन यांनी नेमके ओळखले.

गांडुळांच्या राहण्याच्या तीन तऱ्हा आहेत. काही पालापाचोळ्यात राहतात आणि मातीत फारशी शिरत नाहीत. गांडूळखतासाठी वापरतात ती या गटातली. काही वरच्या थरात आडवी बिळे करून माती खात पुढे सरकतात. काही एक-दोन मीटरपर्यंत उभी बिळे करतात, रात्री वर येऊन पाने खाली ओढून नेतात. या उभ्या बिळांतून पावसाचे पाणी झपाट्याने मुरते आणि पिकांची मुळे त्याच वाटेने खोल उतरतात. गांडुळाच्या पोटातून गेलेल्या मातीत सेंद्रिय द्रव्य आणि खनिज कण एकमेकांत मिसळून त्यांचे टिकाऊ दाणे बनतात. आजूबाजूच्या मातीपेक्षा या दाण्यांत पिकाला घेता येण्याजोगे नत्र व स्फुरद अधिक असते. जगातील धान्योत्पादनापैकी सुमारे साडेसहा टक्के उत्पादनाचे श्रेय गांडुळांकडे जाते, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे.

गांडुळे बारीक कणच वर आणू शकतात. मोठे दगड त्यांच्या आवाक्याबाहेरचे असतात. त्यामुळे वर बारीक मातीचा थर वाढत जातो आणि दगडगोटे खाली खाली बसत एका पातळीवर जमतात. पुरातत्त्वज्ञांना याचे भान ठेवावे लागते. जुने नाणे किंवा खापर ज्या खोलीवर सापडते, त्याच खोलीवर त्या काळची जमीन होती असे दर वेळी म्हणता येत नाही. रशिया आणि युक्रेनच्या गवताळ प्रदेशातील काळ्या मातीत उभा छेद घेतला, तर खालच्या फिकट थरात काळे गोल डाग दिसतात. ही कृंतक म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांची जुनी बिळे असून ती वरच्या काळ्या मातीने भरली गेलेली असतात.

सगळीच माती प्राण्यांवर अवलंबून असते असे मात्र नाही. दख्खनच्या पठारावरील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते आणि पावसात खालची माती फुगून वर ढकलली जाते. तिथे चिकणमातीच्या फुगण्या-आकसण्यानेच बरेचसे मिश्रण होते. तांबड्या आणि जांभ्याच्या जमिनीत माती अशी स्वतःहून उलटत नाही. तिथे खालीवर करण्याचे काम मुख्यतः वाळवी आणि मुंग्या करतात.

वारुळे

उष्ण प्रदेशात गांडुळांची जागा बऱ्याच अंशी वाळवी घेते. भारतात सर्रास दिसणारी वारुळे ‘ओडोन्टोटर्मिस’ या प्रजातीच्या वाळवीची असतात. कामकरी वाळवी खालच्या थरातून चिकणमातीचे कण निवडून आणते, लाळेने ते सांधते आणि भिंत उभी करते. म्हणून वारुळाची माती आसपासच्या मातीपेक्षा चिकट व घट्ट असते. खेड्यांत भिंती, चुली आणि जमिनी करायला ती वापरली जाते, ती याच गुणामुळे. वारूळ ओस पडले की हळूहळू ढासळते आणि खालून आलेली ही चिकणमाती वरच्या रेताड थरात मिसळते.

वारुळाच्या पोटात वाळवी बुरशीची शेती करते. चावलेल्या लाकूडफाट्याच्या स्पंजासारख्या पोळ्यांवर ती बुरशी वाढवते आणि तीच खाते. पावसाळ्याच्या सुरुवातीला याच बुरशीच्या छत्र्या जमिनीबाहेर येतात. कोकणात त्यांना अळंबी आणि गोव्यात ओळमी म्हणतात. दर वर्षी त्या मोठ्या प्रमाणावर खुडल्या जातात आणि बाजारात चढ्या भावाने विकल्या जातात. वारूळ उकरून टाकले तर पुढच्या वर्षीची अळंबीही गेली.

वारूळ आणि भूजल यांचा संबंध भारतात फार पूर्वी जोडला गेला. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त ‘दकार्गल’ नावाचा अध्याय भूजलाच्या खुणांविषयी आहे. विशिष्ट झाडांजवळचे वारूळ ही त्यातली एक महत्त्वाची खूण आहे. वाळवीला शरीर ओले ठेवण्यासाठी सतत ओलावा लागतो आणि त्यासाठी ती खोल उतरते, हे या निरीक्षणामागचे कारण. प्रत्येक वारुळाखाली विहिरीला पुरेल एवढे पाणी असतेच असे नाही. पण खालचा थर वर आणण्याच्या वाळवीच्या सवयीचा उपयोग आजही होतो. ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिकेत भूवैज्ञानिक वारुळांची माती तपासून खालच्या खडकातील सोन्यासारख्या खनिजांचा माग काढतात.

या कामाचा सर्वांत भव्य नमुना ईशान्य ब्राझीलमध्ये आहे. ‘काटिंगा’ नावाच्या काटेरी जंगलात सुमारे २० कोटी मातीचे ढीग जवळपास सारख्या अंतरावर पसरले आहेत. प्रत्येक ढीग सुमारे अडीच मीटर उंच आणि नऊ मीटर रुंद आहे. त्यांनी व्यापलेला प्रदेश जवळजवळ ग्रेट ब्रिटनएवढा आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हे ढीग म्हणजे वाळवीची घरे नव्हेत. भुयारे खोदताना निघालेली माती तिथे आणून टाकलेली आहे. तपासलेल्या ढिगांपैकी सर्वांत जुना सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीचा निघाला. सगळ्यांची माती एकत्र केली तर ती दहा घन किलोमीटर भरेल. दक्षिण आफ्रिकेच्या नामाक्वालँड भागात बफेल्स नदीकाठची वारुळे तर याहूनही जुनी आहेत. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या कालमापनानुसार त्यांतील काहींचे वय सुमारे ३४,००० वर्षे भरते आणि त्यांत आजही वाळवी राहते.

भारतात वारुळाचा संबंध सापांशी जोडला जातो आणि नागपंचमीला अनेक गावांत वारुळाची पूजा होते. साप स्वतः वारूळ बांधत नाहीत. वाळवीने सोडलेल्या किंवा इतर प्राण्यांनी फोडलेल्या वारुळात ते आसरा घेतात. घोरपड, विंचू, बेडूक आणि कितीतरी कीटकही असाच आसरा शोधतात. एकाने खोदलेले घर पुढे अनेकांच्या उपयोगी पडते. नागपंचमीच्या दिवशी जमीन न खणण्याची आणि नांगर न धरण्याची प्रथा महाराष्ट्रात आजही अनेक घरांत पाळली जाते.

कृंतकांचे उंचवटे

उंदीर, घूस, मार्मोट, प्रेअरी डॉग हे कुरतडणारे प्राणी दात आणि नखे यांनी माती उकरतात. त्यामुळे गांडुळाला न हलणारी खडीही ते वर फेकू शकतात. उत्तर अमेरिकेतील गोफर हा यांतला फार अभ्यासला गेलेला प्राणी. तो जवळजवळ सारे आयुष्य जमिनीखाली काढतो आणि मुळे खात भुयारे वाढवत जातो.

१८ मे १९८० रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात माउंट सेंट हेलेन्स या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. मैलोगणती जमीन राखेने आणि सच्छिद्र खडकाच्या थराने झाकली गेली. काही ठिकाणचे गोफर बिळांत खोल असल्यामुळे वाचले. राखेतून वाट काढताना त्यांनी गाडली गेलेली जुनी माती वर आणली. या मातीत मुळांना पोषण मिळवून देणाऱ्या बुरशीचे बीजाणू होते. त्या उकिरांवर रोपे रुजू लागली. हे पाहून शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये ओसाड भागातील काही तुकड्यांवर केवळ एक दिवस गोफर सोडून प्रयोग केला. त्या तुकड्यांतील सूक्ष्मजीवांची रचना चार दशकांनंतरही वेगळी असल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

याच राज्यात ऑलिम्पिया शहराच्या दक्षिणेस ‘मिमा माउंड्स’ आहेत. गवताळ मैदानावर दोन मीटरपर्यंत उंचीचे हजारो गोल उंचवटे तिथे एकमेकांशेजारी उभे आहेत. ते कसे झाले यावर शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. भूकंप, हिमयुगातील पूर, वारा असे अनेक खुलासे पुढे आले. गोफरांनी पिढ्यान्‌पिढ्या घराकडे माती लोटत हे उंचवटे उभारले, हा विचार १९४० च्या दशकात मांडला गेला. उथळ, पाणी साचणाऱ्या जमिनीत प्राणी उंच जागेकडे माती सरकवत राहिला तर काही शतकांत असे उंचवटे तयार होऊ शकतात, हे अलीकडे संगणकीय प्रतिकृतीतून दाखवले गेले आहे. त्यामुळे या मताला बळ मिळाले, तरी वाद पूर्ण मिटलेला नाही.

नामशेष झालेल्या प्राण्यांचे खोदकामही टिकून आहे. ब्राझील आणि अर्जेंटिनात माणूस ताठ उभा राहून चालू शकेल एवढी उंच, काही ठिकाणी शेकडो मीटर लांब भुयारे सापडली आहेत. ती नदीने किंवा माणसाने केलेली नाहीत, कारण त्यांच्या भिंतींवर प्रचंड नखांचे ओरखडे आहेत. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या महाकाय स्लॉथ आणि आर्मॅडिलो यांची ही कामे मानली जातात.

उतारावर आणि कोरड्या मुलुखात

सपाट जमिनीवर उकीर बिळाच्या तोंडाशीच राहतो. डोंगरउतारावर तो खालच्या अंगाला जातो. वर टाकलेली माती सुटी असल्याने पावसाच्या थेंबांनी आणखी खाली सरकते. पुढच्या वर्षी दुसरा प्राणी तीच माती पुन्हा उकरतो आणि ती पुन्हा काही हात खाली जाते. असे होत होत टेकडीचा माथा गोलसर होतो आणि पायथ्याशी मातीचा थर जाड होतो. बिळे आणि मुळे खालच्या कुजलेल्या खडकापर्यंत पोहोचली की खडक सुटण्याचा वेगही वाढतो. डोंगरावरची माती अशी घडतेही आणि उतरतेही.

कोरड्या प्रदेशात खळग्यांचे महत्त्व वेगळे असते. तिथे जमिनीवर कठीण पापुद्रा धरतो आणि थोडका पाऊस मुरण्याऐवजी वाहून जातो. इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटात साळिंदर कंदांसाठी जमीन उकरते. त्या खळग्यांत पाणी, पाचोळा आणि बिया साचतात आणि पुढे तिथेच झाडोरा दाट होतो. नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातील क्वेंडा हा पोटाला पिशवी असलेला लहान प्राणी दिवसाला सरासरी ४५ खळगे करतो आणि वर्षाला जवळजवळ चार टन माती हलवतो, असे मोजमाप झाले आहे. युरोपीय लोकांबरोबर आलेल्या कोल्ह्यांनी आणि मांजरांनी ऑस्ट्रेलियातील बिल्बी व बेटाँग यांसारख्या उकरणाऱ्या प्राण्यांचा बहुतेक प्रदेशांतून नायनाट केला. त्यांच्याबरोबर मातीची ही नित्याची मशागतही थांबली. आता कुंपण घातलेल्या अभयारण्यांत त्यांना परत आणले जात आहे. तिबेटच्या पठारावर पायका या प्राण्याला गवताचा शत्रू समजून अनेक दशके विष घातले गेले. त्याच्या बिळांमुळे पावसाचे पाणी अधिक मुरते, हे नंतरच्या अभ्यासांत दिसून आले.

या गुणाचा उपयोग शेतकऱ्यांनीही केला आहे. बुर्किना फासोमध्ये यकूबा सावादोगो या शेतकऱ्याने ‘झाई’ ही जुनी पद्धत सुधारली. उन्हाळ्यात कडक जमिनीत खड्डे घेऊन त्यांत शेणखत आणि पालापाचोळा टाकायचा. त्याच्या ओढीने वाळवी येते, खालची जमीन पोखरून सच्छिद्र करते आणि पहिला पाऊस खोल मुरतो. सावादोगो यांना २०१८ मध्ये ‘राइट लाइव्हलीहुड’ पुरस्कार मिळाला. पश्चिम ऑस्ट्रेलियातील कोरडवाहू गव्हाच्या प्रयोगातही मुंग्या आणि वाळवी असलेल्या जमिनीत उत्पादन ३६ टक्क्यांनी अधिक आले.

खाडीकाठचा चिखल

कोकणच्या खाड्यांत भरती-ओहोटीच्या पट्ट्यातला काळा चिखल प्राणवायूविना असतो. त्यात सल्फाइडसारखी विषारी द्रव्ये साचतात. खारफुटीतले खेकडे आणि निवट्या या चिखलात बिळे करतात. भरतीचे पाणी बिळांतून आत-बाहेर खेळते, प्राणवायू खाली पोहोचतो आणि मुळांभोवती साचलेले मीठ धुतले जाते. खेकडे गळलेली पानेही बिळांत ओढून नेतात, त्यामुळे ती समुद्रात वाहून न जाता तिथेच कुजतात. खारफुटीची वाढ या खोदकामावर बऱ्याच अंशी अवलंबून असते.

बांध आणि बिळे

पाणी मुरवणारे बीळ माणसाने पाणी अडवलेल्या जागी आले, तर तेच धोक्याचे ठरते. भातखाचराच्या बांधात खेकड्याने बीळ केले की पाणी झिरपू लागते आणि दर पावसाळ्यात बांध लिंपावे लागतात. मोठ्या मातीच्या बांधात ही गळती अधिक गंभीर होते. वाहते पाणी बिळाच्या कडेची माती थोडी थोडी ओढून नेते, वाट रुंद होते आणि एका टप्प्यावर बांध आतून ढासळतो. इटलीत मोडेनाजवळ सेक्किया नदीचा बांध १९ जानेवारी २०१४ रोजी फुटला. तपासात साळिंदर, बिज्जू आणि कोल्हा यांसारख्या प्राण्यांच्या बिळांकडे बोट दाखवले गेले. रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटल्यावर खेकड्यांमुळे ते फुटल्याचे विधान मंत्र्यांनी केले आणि त्यावर राज्यभर टीका झाली. बीळ धोकादायक होते ते देखरेख नसेल तेव्हा. बांधावर वाढलेली झुडपे काढणे, पावसाळ्याआधी बिळे शोधून ती खोलवर बुजवणे आणि ओल दिसताच दुरुस्ती करणे, हे जुनेच उपाय त्यावर आहेत.

जागा बदलली की उपयोगाचे अपायात रूपांतर होते, हे गांडुळांबाबतही खरे आहे. उत्तर अमेरिकेच्या उत्तर भागात हिमयुगानंतर स्थानिक गांडुळे उरली नव्हती. तिथली जंगले पालापाचोळ्याच्या जाड थरावर वाढली. युरोपातून आलेल्या गांडुळांनी तो थर संपवत आणल्यामुळे जंगलाच्या तळाशी उगवणाऱ्या अनेक वनस्पती मागे हटत आहेत.

शेतातील खोदकाम

शेतजमिनीत वारंवारची खोल नांगरट उभी बिळे मोडते, पालापाचोळा जाळल्याने गांडुळांचे खाद्य जाते आणि अनेक कीटकनाशकांनी ती मरतात. मग जमीन घट्ट होते, पाणी वाहून जाते आणि तीच सच्छिद्रता आणण्यासाठी पुन्हा नांगरावे लागते. या चक्रातून बाहेर पडण्याचे प्रयत्न महाराष्ट्रातही झाले आहेत. नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या ‘सगुणा राइस तंत्रा’त चिखलणी टाळून कायमच्या गादीवाफ्यांवर भात घेतात. आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू देतात. न मोडलेली जमीन आणि आयते सेंद्रिय खाद्य मिळाल्याने गांडुळांना तिथे टिकता येते.

उकरणाऱ्या प्राण्यांचे मोल ठरवताना जागा आणि प्रमाण या दोन गोष्टी पाहाव्या लागतात. धरणाच्या भिंतीत बीळ नको, पण माळावर, जंगलात आणि शेताच्या तळाशी ते हवे. साठवलेल्या धान्याजवळ घूस नको, पण बांधावरच्या वारुळाला हात लावण्याचे कारण नाही. एक इंच माती तयार व्हायला शतके लागतात आणि तिला भुसभुशीत, ओल धरणारी व सुपीक ठेवण्याचे बरेचसे काम हे प्राणी विनामोल करतात. मृदसंधारणाच्या आराखड्यांत बंधारे आणि सलग समतल चर यांच्या जोडीला मातीत राहणाऱ्या या प्राण्यांच्या रक्षणालाही स्थान मिळाले पाहिजे.